नवंकोरं जुनं

2008 साली कॅपकॉम या जपानी कंपनीनं 'मेगा मॅन 9' नावाचा व्हिडिओ गेम आणला. त्याआधीचा आठवा भाग 1996 सालचा, आणि तो त्या काळाच्या मानानं चांगला गुळगुळीत, कार्टून फिल्मसारखा दिसणारा होता. नववा भाग यायला बारा वर्षं लागली. तोवर यंत्रं कुठल्या कुठे पोचली होती. लोकांना वाटलं, आता मेगा मॅनच्या निळ्या शिरस्त्राणावर उन्हाची तिरीप चमकताना दिसणार. प्रत्यक्षात आला तो 1987 सालच्या पहिल्या भागाशी घरोबा सांगणारा, ठसठशीत चौकोनी ठिपक्यांचा, टिंवटिंव संगीताचा खेळ. इथवर ठीक होतं. पण त्या खेळाच्या सेटिंगमध्ये एक खटका होता. तो चालू केला की पडद्यावर गर्दी झाल्याबरोबर चित्रं लुकलुकायला लागत.

हे लुकलुकणं ही मुळात एका गरीब यंत्राची लाचारी. निन्टेन्डोचं जे यंत्र 1983 साली जपानमध्ये 'फॅमिकॉम' म्हणून निघालं आणि पुढे अमेरिकेत 'एनईएस' या नावानं गेलं, त्याला पडद्याच्या एका आडव्या रेषेत आठापेक्षा जास्त हलती चित्रं दाखवता येत नसत. नववं आलं की ते अदृश्य. प्रोग्रामर मंडळींनी यावर तोडगा काढला, तो असा की एकालाच कायमचं गायब ठेवण्याऐवजी सगळ्यांना आळीपाळीनं क्षणभर गायब करायचं. त्यामुळे राक्षस, त्यांच्या गोळ्या, आपला हिरो, सगळेच लुकलुकत, पण निदान सगळे असत. 2008 सालच्या यंत्राला असली काही अडचण नव्हती. त्याला लुकलुकणं मुद्दाम शिकवावं लागलं. म्हणजे कुणीतरी पगारी माणूस सकाळी डबा घेऊन ऑफिसला गेला असणार, दिवसभर बसून त्यानं एक बिघाड नीट, बिनचूक तयार केला असणार आणि संध्याकाळी त्याच्या साहेबानं तो पाहून, "अजून थोडं बिघडायला हवं," असं सांगितलं असणार.

मला या माणसाविषयी फार आदर वाटतो.

हा खेळ दुकानात मिळणारच नव्हता, तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा होता. तरीही जाहिरातीसाठी खोक्याचं एक मुखपृष्ठ काढून घेतलं गेलं आणि तेही बुद्ध्याच वाईट. कारण पहिल्या भागाच्या अमेरिकेतल्या खोक्यावरचं चित्र वाईटपणाबद्दल प्रसिद्ध होतं. खेळातला चिमुकला निळा यंत्रमानव त्या चित्रात हातात पिस्तूल घेतलेला, अवघडून उभा राहिलेला पोक्त गृहस्थ झाला होता. तो अवघडलेला गृहस्थही एकवीस वर्षांनी सन्मानानं परत बोलावण्यात आला. पूर्वजांच्या चुकाही इतक्या भक्तिभावानं जपणारा दुसरा धंदा माझ्या पाहण्यात नाही.

आता तर जुन्या धाटणीचे नवे खेळ काढणं हा रिवाजच झाला आहे. 'शॉव्हेल नाइट' 2014 चा, 'अंडरटेल' 2015 चा, 'स्टारड्यू व्हॅली' 2016 चा, 'सेलेस्ट' 2018 चा. घोड्याच्या अंगावरचा केस न् केस वाऱ्यावर हलताना दाखवू शकणाऱ्या यंत्रांवर माणसं पैसे मोजून असे खेळ घेतात, ज्यांत घोडा आहे की कुत्रा हे शेपटीवरून ओळखावं लागतं. माझ्या वयाच्या लोकांनी ते घेतले तर कारण उघड आहे असं समजलं जातं. आमचं बालपण त्या ठिपक्यांत गेलं, मग आम्ही गहिवरणारच. पण या उघड कारणाकडे जरा जवळून पाहिलं की ते लुकलुकायला लागतं.

एक म्हणजे, आमच्या भागात खरं एनईएस पाहिलं होतं कुणी? नव्वदच्या दशकात सांगलीकडे जे आलं ते त्याच्या नकलेची नक्कल. कुणाचा तरी मुंबईचा मामा ते खोकं आणी आणि मग वर्षभर त्या घरातल्या पोराचा गल्लीतला भाव वधारलेला असे. त्या खोक्यालाच आम्ही 'व्हिडिओ गेम' म्हणायचो आणि त्यात खुपसायच्या कार्ट्रिजला 'कॅसेट'. कॅसेटवर '99999 इन 1' असं छापलेलं असे. नव्याण्णव हजार खेळांची यादी खाली सरकवत गेलं की पाच-सहा खेळच नावं बदलून पुन्हा पुन्हा भेटत. मारिओ, कॉन्ट्रा, रणगाड्यांचा 'बॅटल सिटी' (याला आम्ही नुसतं 'टँक' म्हणायचो) आणि गाड्या चुकवत पळायचा 'रोड फायटर'. कॅसेट चालली नाही की बाहेर काढून तिच्यात फुंकर मारायची. ही विद्या आम्हाला कुणी शिकवली नव्हती आणि गंमत म्हणजे जपानपासून अमेरिकेपर्यंत सगळी पोरं तेच करत होती. निन्टेन्डोनं फुंकू नका म्हणून बजावलं होतं, कारण श्वासातल्या ओलाव्यानं आतल्या पिना गंजतात. कॅसेट चालायची ती काढून पुन्हा नीट बसवल्यामुळे. पण श्रेय गेलं फुंकरीला.

दुसरं म्हणजे, खेळायला टीव्ही मिळायचा किती वेळ? टीव्ही घरात एक, आणि त्यावर पहिला हक्क माझ्या वडिलांचा, आबांचा. संध्याकाळी आबा शेतावरून आले की 'आमची माती आमची माणसं' लागायलाच हवं. आमच्या मारिओनं किती मजली किल्ला सर केला आहे याची त्यांना पर्वा नसे. ते सरळ बटण फिरवत. खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती, त्यामुळे उसावरच्या किडीची चर्चा सुरू झाली की मारिओ पुन्हा पहिल्या पायरीवर. शिवाय व्हिडिओ गेमनं पिक्चर ट्यूब जाते, असं आबांना एका मेकॅनिकनं सांगितलेलं. त्यातून वाचलो तर लोडशेडिंग. एस.टी. स्टँडजवळच्या पार्लरमध्ये नाणं टाकून 'मुस्तफा' खेळायला मिळे, पण तिथे आमच्या शाळेतल्या कुणी पाहिलं तर दुसरीच भानगड. त्या खेळाचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', 1993 चा, कॅपकॉमचाच. त्यातल्या चौघा हिरोंपैकी एक मुस्तफा, आणि अख्ख्या हिंदुस्थानानं त्याच्या नावावर खेळ करून टाकला.

आणि तिसरं कारण तर या गहिवराची हवाच काढून घेणारं आहे. जुन्या खेळाची खूण म्हणून आज जो टोकदार, स्वच्छ चौकोनी ठिपका मिरवला जातो, तो आम्ही पाहिलेलाच नाही. आमच्या फुगीर काचेच्या टीव्हीवर तो दिसणंच शक्य नव्हतं. पिवळ्या पिनेच्या वायरीतून येईपर्यंत चित्र पाघळलेलं असे. टीव्हीला नाक लावलं तर तांबड्या-हिरव्या-निळ्या कणांचं जाळं दिसे, ते वेगळंच. त्या वेळच्या चित्रकारांना हे पक्कं ठाऊक होतं आणि त्यांनी हे पाघळणं हिशेबात धरलं होतं. सेगाच्या 1991 सालच्या 'सोनिक'मध्ये एक धबधबा आहे. त्याच्यामागून सोनिक पळतो तेव्हा तो पाण्याआडून अंधुक दिसायला हवा, पण यंत्राला अर्धपारदर्शक रंग येत नव्हते. मग चित्रकारांनी एकाआड एक अशा उभ्या रेघा काढल्या. वायरीत आणि काचेत त्या रेघा एकमेकींत मिसळल्या आणि पाणी तयार झालं. तोच खेळ आजच्या लखलखीत टीव्हीवर जसाच्या तसा लावला की धबधबा कोरडा पडतो. सोनिक गजांमागून पळताना दिसतो.

आता यावरही उपाय निघालाच. चित्रावर बारीक आडव्या काळ्या रेघा, कडा किंचित फुगलेल्या, कोपरे अंधारलेले, असा जुन्या टीव्हीचा मुखवटा पंचावन्न इंची टीव्हीवर चढवायची सोय आता कितीतरी खेळांत असते. रेघांपर्यंत मी समजू शकतो. पण सपाट काच मिळवायला माणसानं चाळीस-पन्नास वर्षं खटपट केली आणि ती मिळाल्यावर आता तिच्यावर फुगवटा रंगवायचा, इथे माझी श्रद्धा डगमगते.

'शॉव्हेल नाइट' करणाऱ्या मंडळींचा प्रामाणिकपणा मला जास्त आवडला. त्यांनी खेळ अगदी एनईएसच्या थाटात केला आणि मग आपण त्या यंत्राचे कुठले कुठले नियम मोडले याचा कबुलीजबाबच लिहून छापला. पडदा आजच्यासारखा रुंद घेतला. लुकलुकणं काढून टाकलं. मागचे डोंगर वेगवेगळ्या वेगानं सरकवले. एनईएसच्या रंगपेटीत काही रंग आपले घातले. संगीत कोनामीनं थोड्याच जपानी कार्ट्रिजमध्ये बसवलेल्या एका जादा चिपच्या आवाजात बांधलं आणि त्यातल्या दोन चाली चक्क पहिल्या मेगा मॅनच्या संगीतकार मानामी मात्सुमाए यांच्याकडून करून घेतल्या. त्यांचा हेतू असा की, खेळ तेव्हा होता तसा नको, तो आपल्याला आठवतो तसा हवा. आणि आपल्याला आठवतो तो कसा? त्यात आबा बटण फिरवायला येत नाहीत.

तर मंडळी, या कारागिरांचा खरा व्यवसाय आठवणीची डागडुजी हा आहे, असं माझं मत पक्कं होत चाललं होतं. पण मग मला पेचात टाकणारी एक गोष्ट घरातच घडली. आमच्या मुलाला हे खेळ आवडायला लागले. त्याच्यापाशी डागडुजी करायला आठवणच नाही. त्यानं फुगीर काचेचा टीव्ही पाहिलेला नाही, कॅसेट फुंकलेली नाही. मी त्याला विचारलं, "तुला ही जुनी चित्रं कशी काय आवडतात रे?" तो म्हणाला, "जुनी कुठायत? 2016 ची आहेत." मग माझी दया येऊन जरा विचार करून म्हणाला, "बाबा, ह्यात कोंबडी कोंबडीसारखी दिसते."

"म्हणजे?"

"म्हणजे लगेच कळतं, कोंबडी आहे."

मला हे उत्तर आधी थातुरमातुर वाटलं. पण आज जे महागडे, हुबेहूब दिसणारे खेळ येतात ते आठवले. त्यांत दगड इतका दगडासारखा आणि झाड इतकं झाडासारखं असतं की यातल्या कशाला हात लावायचा आणि नुसतं बघायचं काय, हेच उमगत नाही. शेवटी करणाऱ्यांनाच दया येते आणि ते चढायच्या कड्याला, फोडायच्या पिंपाला पिवळा रंग फासून ठेवतात. 2023 साली 'रेसिडेंट ईव्हिल 4' नव्यानं आला तेव्हा त्यातल्या पिवळ्या पट्ट्यांच्या पिंपांची लोकांनी यथेच्छ टिंगल केली. अंधारलेलं, झपाटलेलं, परकं खेडं, आणि तिथेही आपल्याआधी कुणीतरी रंगाचा डबा घेऊन फिरून गेलेलं. ठिपक्यांच्या खेळात हा पिवळा रंग लागत नाही. तिथे कामाचं तेवढंच काढलेलं असतं, कारण बाकीचं काढायला जागा कुठे होती?

माझ्या आत्यानं लग्नाआधी मॅटीच्या कापडावर भरलेला पोपट आमच्या माजघरात अजून फ्रेममध्ये आहे. मॅटीची चौकट मोजून फुल्या घालायच्या, चोचीला लाल दोरा, बाकी हिरवा. गोलाई हवी असेल तर पायऱ्या पाडायच्या आणि पायऱ्यांना गोलाई समजून घ्यायचं. लहानपणी मारिओ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो पोपटाचा नातलग वाटला होता, आणि नातं खरंच निघालं. निन्टेन्डोचे चित्रकार आपली चित्रं आधी आलेखाच्या कागदावर चौकोन रंगवून काढत, आणि आत्याच्या नमुन्यांच्या पुस्तकातही तेच आलेखाचे कागद. मारिओचा चेहरामोहराच या चौकोनांनी ठरवला. 1981 च्या 'डाँकी काँग'मध्ये मारिओ काढताना शिगेरु मियामोतो यांच्यापाशी इतके थोडे ठिपके होते की तोंड काढता येईना, म्हणून मिशी आली. केस काढता येईनात, ते उडताना दाखवणं तर दूरच, म्हणून टोपी आली. हात हलताना दिसावेत म्हणून वेगळ्या रंगाचा डांगरीसारखा पोशाख आला. जगातला सगळ्यात प्रसिद्ध मिशीवाला हा असा जागेच्या टंचाईतून जन्मला. पुढे 1985 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स'मध्ये आकाशातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप हे एकच चित्र आहे, एकदा पांढरं, एकदा हिरवं. तो अख्खा खेळ 40 किलोबाइटमध्ये मावतो. रोज सकाळी काकांकडून येणाऱ्या शुभ प्रभातच्या गुलाबाला याहून जास्त जागा लागते.

टंचाई होती तेव्हा ती कुणाला नको होती. आता ती संपली, तर लोक ती घरी करायला लागले आहेत. जोसेफ व्हाइट नावाच्या गृहस्थांनी 2015 च्या सुमाराला 'पिको-8' नावाचं एक गेमिंग यंत्र आणलं. पडदा 128 गुणिले 128 ठिपक्यांचा, रंग 16, कार्ट्रिज 32 किलोबाइटची. या यंत्राची खासियत ही की ते अस्तित्वात नाही. ते नुसतं सॉफ्टवेअर आहे. जे यंत्र कधी कुठल्या कारखान्यात बनलं नाही, त्याच्या मर्यादा मात्र कडक पाळायच्या. सतरावा रंग मागितला तर मिळत नाही, आणि का मिळत नाही याचं उत्तर 'आमची मर्जी' एवढंच. आणि जगभरचे प्रोग्रामर आनंदानं या सोळा रंगांत नांदताहेत. 'सेलेस्ट' हा डोंगर चढायचा खेळ मुळात याच यंत्रासाठी दोघांनी चार दिवसांत केला होता. त्याचा पुढे मोठा खेळ झाला, आणि मोठ्या खेळाच्या पोटात ते चार दिवसांचं बाळ लपवून ठेवलं आहे, सापडलं तर खेळता येतं. 2024 साली आलेल्या 'यूएफओ 50'नं तर कमाल केली. 1982 ते 1989 या काळात एका कंपनीनं काढलेले 50 खेळ एकत्र करून दिले आहेत अशी बतावणी. कंपनी खोटी, तिचं यंत्र खोटं, तो काळही तिच्यापुरता खोटा. पन्नास खेळ मात्र खरे, आणि ते करायला त्या लोकांनी कित्येक वर्षं खरोखरची खर्ची घातली. आपल्याकडे खोटी वंशावळ लोक मोठेपणा सांगायला तयार करतात. ही गरीब घराण्याची खोटी वंशावळ मी पहिल्यांदाच पाहिली.

या सगळ्यांत माझा जीव जडला आहे तो 'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन'वर. लुकास पोप या एकट्या माणसानं केलेला, 2018 चा. जुन्या मॅकिंटॉशच्या पडद्यासारखा दोनच रंगांचा. ईस्ट इंडिया कंपनीचं हरवलेलं जहाज 1807 साली इंग्लंडच्या किनाऱ्याला परत लागतं, आत जिवंत कुणी नाही. आपण खेळातले नायक, आणि नायक कोण, तर विमा इन्स्पेक्टर! साठ माणसांचं काय झालं हे आपण वहीत भरायचं, म्हणजे दावे निकालात काढता येतील. तलवार नाही, बंदूक नाही, फॉर्म भरणं आहे. काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके दाट-विरळ करून सावल्या पाडलेल्या आहेत. मान वळवली की हे ठिपके मुंग्यांसारखे वळवळायला लागत, ते जागच्या जागी राहावेत म्हणून पोप यांनी जी डोकेफोड केली ती थक्क करणारी आहे, कारण ती यशस्वी झाल्यामुळे कुणाला दिसतच नाही. मला अशी माणसं फार जवळची वाटतात. आणि हो, या खेळात तुम्ही तुमचा जुना मॉनिटर निवडू शकता, मॅकिंटॉशचा, आयबीएमचा की कमोडोरचा. यांपैकी एकही मी आयुष्यात पाहिलेला नसल्यामुळे मी प्रत्येक वेळी बराच विचार करून निवडतो.

पण आमच्या घरात खरी खळबळ उडवली ती 'स्टारड्यू व्हॅली'नं. हा शेतीचा खेळ. एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणानं पदवीनंतर नोकरी मिळेना म्हणून एकट्यानं करायला घेतला आणि साडेचार वर्षं करत बसला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, प्रोग्राम त्याचा. त्या काळात तो सिएटलमधल्या एका थिएटरात प्रेक्षकांना खुर्च्या दाखवायचं काम करी. खेळाच्या कोट्यवधी प्रती खपल्या. आमचा मुलगा तो खेळत होता आणि आबा तेव्हा आमच्याकडे पुण्याला मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आले होते. नव्या डोळ्यानं त्यांनी जे पहिलं नीट पाहिलं त्यात हा पडदा होता.

"हे रान कुणाचं?" आबांनी विचारलं.

"आजोबांचं होतं. ते वारले. त्यांनी ह्याला चिठ्ठी लिहून दिलं."

"नुसत्या चिठ्ठीवर?" आबा सावरून बसले. "सात-बाऱ्यावर नाव चढवलं का? तलाठ्याकडं गेलता ह्यो?"

"तलाठी नाहीये, आबा."

"आन भाऊबंद? कुणीच हरकत घेतली न्हाई?"

भाऊबंद नसलेल्या गावाविषयी आबांच्या मनात तिथेच आदर निर्माण झाला. मुलानं पुढे सांगितलं की, पहिल्याच दिवशी गावचा प्रमुख येऊन पार्सनिपच्या पंधरा बिया फुकट देतो. पार्सनिप म्हणजे पांढऱ्या गाजरासारखा कंद. "इलेक्शन जवळ आलं आसंल," आबा म्हणाले. बी दुकानात वीसला मिळतं, पीक चार दिवसांत निघतं आणि एका कंदाला पस्तीस येतात. काढलेला माल घरापुढच्या पेटीत टाकायचा, रात्रीतून कुणीतरी घेऊन जातं आणि सकाळी पूर्ण पैसे जमा. आबांनी हे दोनदा सांगायला लावलं. आडत किती? नाही. हमाली, तोलाई? नाही. कडता? तो काय असतो, मुलानं विचारलं. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की पोराला तू शिकवलंस काय.

प्रतवारी आहे, हे त्यांना पटलं. चांदीचा तारा लागलेल्या मालाला जास्त भाव, सोन्याच्या ताऱ्याला त्याहून जास्त. पाणी दिवसा पाजता येतं हे ऐकून ते हळहळले, कारण त्यांच्या मोटरीला अर्धं आयुष्य रात्रीचीच लाइट मिळाली. पण बुजगावण्याशी गाडी अडली. बुजगावणं उभं केलं की त्याच्या भोवतालच्या ठरावीक जागेत कावळे फिरकतच नाहीत, असा त्या खेळाचा नियम आहे.

"खरंच येत न्हाईत?"

"नाही."

"एक बी?"

"एकही नाही, आबा."

"मग खेळच हाय त्यो," असं म्हणून आबा उठले. दुसऱ्या दिवशी मात्र चहा झाल्याबरोबर परत येऊन बसले.

मला यातली गंमत वेगळीच दिसत होती. बॅरोननं हा खेळ 'हार्वेस्ट मून' या 1996 सालच्या जपानी खेळाच्या प्रेमात पडून केला. तो खेळ काढणारे यासुहिरो वादा हे मियाझाकीकडच्या खेड्यातले, कामासाठी टोकियोत आलेले. शहरात राहून गावाची आठवण यायला लागली, म्हणून त्यांनी शेतीचा खेळ काढला. वादांना गाव आठवत होतं, बॅरोनला वादांचा खेळ आठवत होता, आणि आमच्या पोराला यातलं काहीच आठवत नसून तो दिवसाला चाळीस कंद काढत होता. या अख्ख्या साखळीत ज्यांच्या नखांत खरी माती गेली असे आबा तेवढे कोरडे होते. त्यांना गावाकडची आठवण म्हणून काही येत नव्हती. त्यांना फोनवर विचारायचं होतं की पाटाला पाणी आलं का. आमचा मुलगा आजवर कधी मोटर चालू करायला रानात गेलेला नाही. पण आबांनी त्याला गळीत, खोडवा, सरी काढणं यावर जे कधी सांगितलं नव्हतं ते त्या ठिपक्यांच्या रानात बोट दाखवून सांगायला सुरुवात केली. हुबेहूब दिसणारं शेत असतं तर आबांनी त्यातल्या पन्नास चुका काढून पाठ फिरवली असती. इथे तपकिरी चौकोन होता. त्यात त्यांना आपलं विहिरीवरचं रान दिसायला काहीच आडकाठी नव्हती.

मग त्यांनी सल्ला द्यायला सुरुवात केली. पहिला सल्ला, माल लगेच विकायचा नाही. आबांचा सगळा अनुभव हळदीचा. हरिपूरच्या पेवांत हळद वर्ष-वर्ष मुरत ठेवायची, सौद्यात भाव चढला की काढायची. मुलगा आज्ञाधारक. त्यानं दोनशे पार्सनिप पेटाऱ्यात भरून ठेवले. त्या खेळात माल कुजत नाही, घट येत नाही, कीड लागत नाही. उन्हाळा गेला, पानगळ गेली, बर्फ पडला, आबांचा दुसरा डोळाही झाला. खेळातलं दुसरं वर्ष लागलं तेव्हा आबांच्या समोर पेटारा उघडला गेला.

"किती आला?"

"पस्तीस."

"वर्षभर थांबून पस्तीसच?" आबा विचारात पडले. मग म्हणाले, "पर पडला बी न्हाई. सरकार बरं दिसतंय."

तेव्हा मुलानं त्यांना खेळातली पुढची गोष्ट सांगितली. तिसऱ्या वर्षाच्या पहिल्या पहाटे वारलेल्या आजोबांचं भूत येतं आणि दोन वर्षांत नातवानं काय केलं ते तपासतं. काम चांगलं असेल तर चार मेणबत्त्या पेटतात. आबांना हे एवढं आवडलं की त्यांनी मांडीवर थाप मारली. मेल्यावरसुद्धा हिशेब बघायला येतो म्हणजे माणूस अस्सल शेतकरी. "मग आता काहीच विकू नगंस," त्यांनी फर्मावलं. "समदं पेटाऱ्यात भरून ठिव. म्हाताऱ्याला झाकण उघडून दाव."

"पण आबा, ते साठवलेलं धरत नाहीत. किती रुपयांचं विकलं तेच बघतात."

आबांनी पडद्यावरच्या त्या तपकिरी रानाकडे जरा वेळ पाहिलं.

"मग त्यो आजा शेतकरी न्हवंच," ते म्हणाले. "यार्डातला व्यापारी आसणार. तरीच भाऊबंद गप बसले."